सुगनशेठची पोकळ लादी

वैशाखातली टळटळीत दुपार होती. जळगावात त्या वेळी रस्त्यावर चिटपाखरू नसतं, आणि कोणी दिसलंच तर तो एक तर वेडा असतो नाहीतर वाईट बातमी घेऊन आलेला असतो. म्हणूनच दाराची कडी वाजली तेव्हा मी धास्तावूनच उठलो. वाळ्याचा पडदा बाजूला सारला तर बर्फाच्या कारखान्यातला धुडकू उभा. अंग घामाने निथळत होतं, पण त्याने माझं मनगट धरलं तेव्हा त्याची बोटं इतकी गार लागली की मी दचकून हात मागे ओढला. "मास्तर, शेठ गयात," एवढंच बोलून तो उंबऱ्यावर बसला. सुगनशेठ आजारी होते हे मला ठाऊक होतं, त्याच आठवड्यात मी त्यांच्या उशाशी बसून आलो होतो. तरीही कारखान्यातलं काम हातातलं तसंच टाकून हा माणूस उन्हातून चालत आला होता आणि त्याच्या हातातला गारवा वाटेत उतरला नव्हता, एवढंच माझ्या डोक्यात घोळत राहिलं.

शेठचा थोरला मुलगा नागपूरला. तो संध्याकाळच्या गाडीने येणार, तोवर थांबणं भाग होतं. वैशाखात थांबायचं म्हणजे बर्फ आलाच. जळगावातल्या कितीतरी मयतांना सुगनशेठच्या कारखान्यातल्या लाद्या लागल्या होत्या. आज त्यांना स्वतःला लागणार होत्या. बारदानात गुंडाळलेल्या, लाकडाच्या भुशाने माखलेल्या लाद्या हातगाडीवरून आल्या. धुडकूने त्या एकेक करून मांडल्या, आणि कोपऱ्यात बसलेल्यांपैकी कोणीतरी हळूच म्हणालं, "आता स्वतःलासुद्धा पोकळच का?" दोघं-तिघं हसले. हसू दाबायला त्यांनी तोंडासमोर रुमाल धरले, पण मला दिसले. गावभर ती थट्टा जुनीच होती. सुगनशेठची लादी मधोमध पोकळ, हाताचं कोपर जाईल एवढं भोक आरपार. शेठ लोकांना बर्फाच्या भावात वारा विकतो, असं लोक म्हणायचे. मला त्या हसणाऱ्यांचा असा संताप आला की मी उठून अंगणात गेलो. मेलेल्या माणसाच्या घरात भांडण नको म्हणून गेलो, नाहीतर एकेकाची खरडपट्टीच काढणार होतो. आता काही आठवडे लोटलेत, राग जरा थंड झालाय, म्हणून लिहायला बसलोय. ती लादी पोकळ का असायची, हे कोणी कधी विचारलंच नाही...

आमची ओळख झाली ती व्याख्यानात. मी शाळेत विज्ञान शिकवतो. माणूस अजून चंद्रावर उतरायचा होता, पण जो तो आकाशाच्या गोष्टी करत होता, त्यामुळे उन्हाळ्याच्या सुट्टीत वाचनालयाने मला 'आपली सूर्यमाला' या विषयावर बोलायला उभं केलं. श्रोत्यांच्या पिण्याच्या पाण्यात टाकायला बर्फ सुगनशेठकडून फुकट आला होता, म्हणून त्यांना पहिल्या रांगेत बसवलेलं. पांढरं धोतर, काळी टोपी, पातळशी मिशी, आणि मांडीवर हाताची घडी घातलेला, एकदाही न हलणारा माणूस. मी बुधापासून सुरुवात करून दमत दमत प्लूटोपर्यंत पोचलो. म्हटलं, हा शेवटचा ग्रह. सूर्य तिथून जेमतेम एका ठळक चांदणीसारखा दिसणार. एक प्रदक्षिणा पुरी करायला त्याला अडीचशेच्या आसपास वर्षं लागतात. आणि थंडी अशी, की आपण श्वास घेतो ती हवासुद्धा तिथे दगड होऊन पडेल. टाळ्या झाल्या, आभार झाले, लोक उठले. शेठ जागेवरच. सगळे पांगल्यावर माझ्याजवळ येऊन त्यांनी विचारलं, त्या शेवटच्या ग्रहावर कोणी राहत असेल का? मी हसून म्हटलं, शेठ, तिथे कोण राहणार, यमाच्या नावाचा ग्रह आहे तो. ते हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांचा माणूस बोलवायला आला, तोच हा धुडकू.

त्या दुपारी मी पहिल्यांदा बर्फाच्या कारखान्यात गेलो. बाहेर डांबर पाघळत होतं, आणि आत पाऊल टाकलं तसा पायाखालून गारवा वर चढला. अमोनियाचा उग्र वास नाकात घुसला. मोठ्या हौदात मिठाचं पाणी, त्यात पत्र्याचे लांबट डबे सोडलेले, आणि हौदावर लाकडी झाकणं अशी घट्ट बसवलेली की ती जमीनच वाटावी. आपण चालत असतो ते त्या डब्यांवरून. खाली पायाशी पाणी निमूटपणे गोठत असतं, आणि आवाज कसला म्हणाल, तर पलीकडच्या खोलीतल्या यंत्राची धडधड, तीसुद्धा भिंतीतून येत असल्यासारखी. मला ती जागा आवडली नाही. स्मशानात इतकं एकटं वाटत नाही, असं मी बोलूनही गेलो. शेठ झाकणावर बारदान अंथरून बसले आणि मलाही बसवलं. पुढची कितीतरी वर्षं उन्हाळ्याच्या दुपारी आमची बैठक तिथेच भरली.

तिथेच एक गोष्ट मी पाहिली. विहिरीचं पाणी नळाने हौदापर्यंत यायचं, आणि नळाच्या तोंडाला दुहेरी फडकं बांधलेलं असायचं. सगळं पाणी गाळून मगच डब्यात. जैनांच्या घरी पाणी गाळतात हे कोणाला माहीत नाही? पण कारखान्यात? बरं, गाळून झालं की फडकं झटकून टाकायचं नाही. ते उलटं करून थोड्या पाण्यात खळबळायचं आणि ते पाणी जिथून आलं त्याच विहिरीत परत सोडायचं. त्याला ते जिवाणी म्हणत. त्यासाठी बुडाला कडी असलेलं एक पितळी भांडं होतं. दोराने ते अगदी पाण्यापर्यंत उतरवायचं, पाण्याला टेकलं की हलकेच उलटं करायचं. वरून ओतलं तर जिवांना मार लागतो. मी म्हटलं, शेठ, पुढे जाऊन पाण्याचा दगडच करायचा, मग हे सोवळं कशाला? त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी वरमलो. त्यानंतर त्यांनी जे सांगितलं, त्यावरून मला कळलं की व्याख्यानानंतर हा माणूस का थांबला होता.

त्यांची आई धुळ्याला थोरल्या मुलाकडे, मोतीभाऊंकडे राहायची. त्यांच्याकडे आईला बाई म्हणत. सुगनशेठ मूळचे धुळ्याच्या कापडाच्या दुकानातले, पण यंत्राचं वेड, म्हणून सासऱ्यांचा हा कारखाना चालवायला जळगावला आले. ज्या दिवशी आले त्या दिवसापासून बाईने त्यांच्या हातचं पाणी सोडलं. भांडण नाही, अबोला नाही. हा धुळ्याला गेला की ती समोर बसून वाढायची, चौकशी करायची, पाठीवरून हात फिरवायची. फक्त याच्या हातून पाणी घ्यायची नाही. तिचं म्हणणं सरळ होतं. पाण्यात जीव असतात असं नाही, पाणी हाच जीव. आणि तू रोज त्याला गोठवतोस. शेठ दर खेपेला आपल्या विहिरीचं पाणी तांब्यात भरून, तोंडाला फडकं बांधून धुळ्याला न्यायचे. ती तो तांब्या कोनाड्यात ठेवायची, आणि निघताना तसाच भरलेला परत द्यायची. शेठ तो मांडीवर घेऊन जळगावला यायचे आणि पाणी विहिरीत सोडायचे. हे किती वर्षं चाललं असेल, देव जाणे. "मास्तर, तिथे त्या थंडीत कोणी जगत असेल, तर मग गोठल्याने जीव मरत नाही," ते म्हणाले. "आणि तिथे कोणी नसेल, तर बाई म्हणते ते खरं."

सांगा आता, यावर विज्ञानाच्या मास्तराने काय बोलावं? मी स्वभावाने खवचट, पण खोटं बोलायची सवय नाही. मी नाही म्हणत राहिलो. दर उन्हाळ्यात त्यांचा नवा मुद्दा असायचा. पृथ्वी आतून तापलेली आहे म्हणता, मग तो ग्रह का नसेल? मी म्हणायचो, एवढ्याशा गोळ्यात चूल कोण पेटवणार? ते म्हणायचे, मास्तर, लादी बाहेरून आत गोठते. मधलं पाणी सगळ्यात शेवटी. बाहेरून बघणाऱ्याला दगड दिसतो, आत पाणीच असतं. मी म्हणायचो, तुमची लादी एका दिवसाची, तो ग्रह कोट्यवधी वर्षं गारठतोय, त्याचं मधलंही केव्हाच गोठलं असेल. यावर ते पायाखालच्या झाकणावर बोटं फिरवत राहायचे. माणूस चंद्रावर उतरला त्या दिवशी मी पेढे घेऊन गेलो, तर हा गृहस्थ सुतकात असल्यासारखा बसलेला. म्हणाले, तिथे तर काहीच सापडलं नाही, नुसती धूळ. मी म्हटलं, अहो, जग नाचतंय आणि तुम्ही रडताय! पेढा मात्र खाल्ला.

त्यानंतरच्या एका चैत्रातली गोष्ट. सकाळपासून वीज गेलेली, यंत्र बंद. धडधड थांबल्यामुळे कारखान्यात अशी शांतता होती की आपलाच श्वास ऐकू यावा. मी नेहमीप्रमाणे दुपारी गेलो. लाद्या कितपत गोठल्यात ते बघायला शेठनी कोपऱ्यातल्या रांगेतला एक डबा वर काढायला लावला होता. धुडकूने तो साध्या पाण्यात बुडवून सोडवला आणि लादी फळीवर सरकवली. छताच्या कौलात एक काच होती, तिच्यातून उन्हाचा पट्टा नेमका त्या लादीवर पडला. वीज गेल्यामुळे मधलं पाणी गोठायचं राहिलेलं. काचेसारख्या स्वच्छ बर्फाच्या आत, मधोमध, पाण्याची एक लांबट पोकळी चमकत होती. शेठ वाकून बघत होते. मग त्यांनी नुसता हात वर केला, आम्ही गप्प व्हावं म्हणून. मी जवळ गेलो.

आत काहीतरी फिरत होतं. उडदाच्या दाण्याएवढं, काळं. बर्फाच्या भिंतीला लागून सावकाश एक फेरी, मग थांबून पुन्हा एक फेरी... पाणकिडा होता तो, विहिरीत असतात तसला. थंडीने सुस्तावला होता, पण जिवंत होता. बाहेरून सगळीकडून बंद. तोंड नाही, फट नाही. उन्हात तो बर्फ इतका निवळशंख दिसत होता की तो किडा अधांतरी फिरतोय असंच वाटावं, आणि त्याची सावली मात्र बर्फात दोन-तीन ठिकाणी पडून त्याच्याबरोबर फिरत होती. मी शिकलेला माणूस, त्याचं कारण मला सांगता आलं असतं. पण त्या वेळी माझ्या अंगावर सरसरून काटा आला, आणि तो थंडीने आला नव्हता. आपण बघतोय हे त्याला कळतंय असं मला वाटत होतं.

शेठच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. "बघा," ते म्हणाले, "बघा मास्तर." मी बघत होतो. इतक्या वर्षांत मी 'नाही' म्हणालो नाही, असा तो एकच दिवस. त्यांनी स्वतः सळईने लादीला भोक पाडलं, मधलं पाणी किड्यासकट पितळी भांड्यात काढलं, तसेच अनवाणी तापलेल्या अंगणातून विहिरीवर गेले आणि भांडं खाली सोडलं. परत आले ते लहान मुलासारखे हसत. आणि मग, हसता हसताच, त्यांनी धुडकूला विचारलं की पाणी गाळलेलं असताना हा डब्यात आला कुठून.

धुडकूने निर्मळपणे सांगून टाकलं. विहीर अंगणाच्या पार पलीकडे, उन्हात पाय भाजतात, म्हणून उन्हाळा लागल्यापासून जिवाणीचं पाणी तो कोपऱ्यातल्या डब्यातच ओतत होता. सांडलं काहीच नव्हतं, वाया काहीच घालवलं नव्हतं. "पानी ते पानीच शे ना शेठ," तो म्हणाला, "विहीरमा टाका का डबामा टाका." त्याच्या मनात पाप नव्हतं. शेठची आज्ञा त्याने त्याच्या परीने पाळलीच होती, जीव पाण्यात परत घातले होते. पण सुगनशेठ खाली झाकणावर बसले. इतके दिवस वीज गेली नव्हती. इतके दिवस कोपऱ्यातली लादी आरपार गोठून गेली होती, सरबताच्या गाड्यांवर, लग्नांत, दवाखान्यात, कोणाच्या मयताच्या उशाला. विहिरीतले जेवढे जीव फडक्याने वाचवले, तेवढे नेमके वेचून एका डब्यात घातले गेले होते. ते धुडकूला एक शब्दही वाकडा बोलले नाहीत.  थोड्या वेळाने म्हणाले, मास्तर, उद्या माझ्याबरोबर धुळ्याला चला. मी जे पाहिलं ते तुम्हीही पाहिलंय, बाईसमोर मला साक्षीदार हवा.

एरंडोल, पारोळा करत एस.टी.ने धुळ्याला निघालो. शेठच्या मांडीवर तो तांब्या. मला वाटलं होतं, किडा जगला तेवढं सांगून हा मोकळा होईल. चूक सांगायची गरजच काय? मी तसं सुचवूनही पाहिलं. ते खिडकीबाहेर बघत राहिले.

बाई माजघरात भिंतीला टेकून बसली होती. एवढीशी वाळकी म्हातारी, पण नजर सुईसारखी. शेठनी तांब्या तिच्यासमोर ठेवला आणि सगळं सांगितलं. आधी चूक सांगितली, किडा नंतर. मध्येच माझ्याकडे वळून म्हणाले, मास्तरांनीही पाहिलाय, जिवंत होता. मी मान डोलावली. मग त्यांनी तो शेवटचा ग्रहसुद्धा काढला. बर्फाच्या आत जीव राहतो बाई, तिथेही असेल, मी डोळ्यांनी पाहिलंय... बाई ऐकत होती. प्लूटोबिटो तिला कितपत उमगला कोणास ठाऊक.  बाहेर कोणीतरी कांडप करत होतं, तो आवाज थांबला तेव्हा ती बोलली. मारवाडी हेल, पण मराठी स्वच्छ.

"जगला, चांगलं झालं. पण चारी बाजूंनी भिंत जवळ जवळ येत होती सुगन, तेव्हा तो कोणाला हाक मारत होता रे?"

  मी आयुष्यभर तापमानं सांगत आलो, अंतरं सांगत आलो. तिथे कोणी असलं तर त्याला कसं वाटत असेल, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. काळोख, वरून दगडासारखा बर्फ, आणि आत कोणीतरी फेऱ्या मारतंय. सूर्य त्याने पाहिलेला नाही, बाहेर काही आहे हेच त्याला ठाऊक नाही... त्या माजघरात, भर दिवसा, मला गुदमरल्यासारखं झालं.

मग बाईने विचारलं, ही चूक मला सांग असं तुला कोणी म्हणालं का? शेठनी नकारार्थी मान हलवली. "दे," ती म्हणाली, "पाणी दे." त्यांना आधी कळलंच नाही. मोतीभाऊंच्या बायकोने फडकं आणून दिलं. शेठनी तांब्यातलं पाणी गाळलं आणि वाटी तिच्यापुढे धरली. ती प्यायली. सावकाश, थांबून थांबून, पण सगळं प्यायली. इतका मोठा माणूस, हुंदके देत तिच्या गुडघ्यावर डोकं टेकून बसला. आणि ती बाई कशी, तर त्याचं डोकं थोपटता थोपटता म्हणते, ते फडकं वाळू देऊ नकोस, आज रात्रीच्या आत तुझ्या विहिरीवर ने.

म्हणजे परतीच्या एस.टी.तही तांब्या मांडीवर होताच. त्यात घोटभर पाणी आणि फडक्यातून उतरलेलं, डोळ्यांना न दिसणारं काहीतरी. वातावरण हलकं करायला मी म्हटलं, शेठ, आतल्या मंडळींची तिकिटं काढलीत का? धुळ्याला फुकट येऊन फुकट परत चाललीत. ते हसले, पण हात तांब्याच्या तोंडावरून काढला नाही. पारोळ्याच्या पुढे रस्ता खराब आहे. दर धक्क्याला ते वाकून हळू आवाजात काहीतरी बोलत होते. मला वाटलं नवकार मंत्र म्हणत असतील. कान दिला तर ते तांब्याला सांगत होते, आलंच, आता आलंच.

बाई त्यानंतर फार दिवस राहिली नाही. पण गेली ती सुगनशेठच्या हातचं पाणी पिऊन. त्यांना जे हवं होतं ते मिळालं, असं मी समजत होतो. कारखाना बंद कर असंही ती म्हणाली नाही. पण त्या धुळ्याच्या खेपेनंतर त्यांनी एकही लादी पुरी गोठू दिली नाही. मधलं पाणी पाणीच असताना डबे वर काढायचे, ते पाणी पितळी भांड्यात घ्यायचं, विहिरीत सोडायचं. म्हणून ती लादी पोकळ, म्हणून लोकांची थट्टा. भावात त्यांनी सूट दिली ती कोणाच्या लक्षात राहिली नाही, भोक मात्र राहिलं. आणि आणखी एक गोष्ट ते करायचे, ती बघायला मला नको वाटायचं. मधलं पाणी काढण्याआधी ते प्रत्येक लादीवर बोटाच्या पेराने टकटक करायचे, दारावर करतात तशी. मग थांबायचे. कान देऊन थांबायचे. मी एकदा वैतागून विचारलं, काय ऐकता? ते म्हणाले, ऐकत नाही मास्तर. आत कोणी असेल तर एकदम भोक पडल्यावर भिईल. कोणीतरी आलंय, एवढं कळावं.

आमच्या बैठका चालू राहिल्या, पण प्रश्न उलटा झाला. पूर्वी ते विचारायचे, असेल ना? आता विचारू लागले, नसेल ना मास्तर? तिथे कोणी नसेल ना? आणि गंमत बघा, गंमत कसली, दैव बघा... इतकी वर्षं मी जे ठासून सांगत आलो, तेच त्यांना आता हवं होतं, आणि तेच माझ्या तोंडून निघेना. मी तो किडा पाहिला होता. लादी बाहेरून आत गोठते, हे वाक्य आता मलाच दुपारी झोपू देत नव्हतं. मी म्हणायचो, शक्यता कमी आहे. ते म्हणायचे, कमी म्हणजे आहे.

शेवटचं भेटलो ते त्यांच्या घरी. छातीचं दुखणं, डॉक्टरांनी बोलायला बंदी केलेली. खिडकीला ओला पडदा, खोलीत हिरवट उजेड. त्यांनी मला जवळ बोलावलं. पुन्हा तेच विचारलं, ओठांनीच, आवाज जवळजवळ नव्हताच. मी त्यांचा हात हातात घेतला आणि म्हटलं, "नाही शेठ. कोणी नाही तिथे. नुसता बर्फ आहे." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग डोळ्यांनीच हसले. "पूर्वी हे किती जोरात सांगायचात," ते म्हणाले.

आता पावसाळा लागलाय, बर्फाला गिऱ्हाईक नाही. तरी परवा कामावाचून कारखान्यात गेलो. मोतीभाऊंनी धुळ्याहून येऊन सगळी घडी बसवलीय. माणूस हिशेबी आहे, त्याला मी दोष देत नाही. लाद्या आता पुऱ्या गोठतात. भरीव, जड, मधोमध दुधासारखी पांढरट रेघ. नळाला फडकं आहे, आणि पितळी भांडं विहिरीच्या कडेला उपडं आहे, तळाची कडी घासून चकचकीत झालेली. यंत्र चालू होतं. माझं बारदान त्याच झाकणावर होतं, दुसरं कोणीतरी उचलून ठेवलेलं. मी बसलो नाही. धुडकूने एक डबा वर काढला, लादी फळीवर सरकवली, आणि कौलातल्या काचेतून पावसाळी उजेड तिच्यावर पडला. मी वाकून त्या पांढऱ्या रेघेकडे बघत राहिलो. किती वेळ ते मला सांगता येणार नाही.

"काय देखी ऱ्हायनात मास्तर?" धुडकू म्हणाला. "आठे कोनी नही शे."

कोणी नाही इथे. किती सहज म्हणाला, माझ्या पूर्वीच्या आवाजात. मला बरं वाटलं. खरंच, छातीवरचं काहीतरी उतरलं. मी सरळ उभा राहिलो, छत्री घेतली. धुडकूने लादीखाली हात घातला, ती उचलायला वाकला, आणि मग हात काढून घेऊन त्याने बोटाच्या पेराने बर्फावर टकटक केलं.

आणि थांबला. मीही थांबलो.